अकराव्या वचनाच्या आधी दहा वचनं आहेत

यिर्मया २९:११, म्हणजे बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या एकोणतिसाव्या अध्यायाचं अकरावं वचन. ख्रिस्ती घरातले असाल तर हे वचन पाठ असणारच, नसलात तरी व्हॉट्सॲपवर कधी ना कधी आलेलं असणार, मागे उगवता सूर्य, एखादा डोंगर, आणि वर पांढऱ्या अक्षरात की तुमच्याबद्दल माझ्या मनात जे बेत आहेत ते भल्याचे आहेत, वाईटाचे नाहीत, पुढच्या दिवसांची आशा देणारे आहेत. आमच्या इंदूरच्या चर्चमध्ये एकतीस डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत एका ताटात प्रॉमिस कार्डं ठेवतात, नव्या वर्षासाठी प्रत्येकाने एकेक उचलायचं, आणि मला कायम शंका येते की त्यातली निम्मी कार्डं याच वचनाची असतात. यिर्मयाचं पुस्तक बावन्न अध्यायांचं आहे. त्यात तो स्वतःच्या जन्माच्या दिवसाला शाप देतो, रडतो, त्याला दोरांनी चिखलाच्या टाक्यात सोडतात, पण त्यातलं कार्ड कुणाच्या हाताला लागलेलं मी तरी आजवर बघितलं नाही.

वचनावर माझा राग नाही हं, ते असं कापून वाटतात त्याच्यावर आहे.

झालं असं की ह्यांचं डायलिसिस सुरू झालं आणि घरी येणाऱ्यांची रांग लागली, नातेवाईक, मंडळीतले लोक, शेजारचे, माझ्या शाळेतल्या बाई, आणि मंडळीतले जे यायचे ते प्रार्थना करून निघताना हे अकरावं वचन ठेवून जायचे, जसं कुणी आजाऱ्याला बघायला येताना डझनभर केळी ठेवून जातं. (केळी तर ह्यांना चालतच नाहीत, पोटॅशियम. ती सगळी मी शेजारच्या पोरांना वाटली.) एक बाई तर जाताना दारात माझा हात धरून म्हणाल्या की विश्वास पुरा पाहिजे, मग मशीन सुटते. मी काही बोलले नाही, चहाचे कप उचलले.

डायलिसिसला चार तास लागतात आणि बरोबरच्या माणसाला बाहेर खुर्चीवर बसण्याशिवाय काम नसतं. तिथेच एका दुपारी मी हा अध्याय पहिल्या वचनापासून वाचला, मग मागचा अठ्ठाविसावा वाचला, मग पुढचे. लहानपणापासून शास्त्र वाचतेय, पण असं सलग, गोष्ट कुठून सुरू होते आणि कुठे जाते ते बघत वाचण्याची मजा वेगळीच आहे.

तर हे वचन म्हणजे एका पत्रातली ओळ आहे. ख्रिस्तपूर्व ५९७ मध्ये बाबेलच्या, म्हणजे बॅबिलॉनच्या, नबुखद्नेस्सर राजाने यरुशलेम घेतलं. शहर आणि मंदिर पाडलं ते पुढे दहा-अकरा वर्षांनी, पण या पहिल्या खेपेलाच यहूदाचा राजा यखन्या, त्याची आई, दरबारी, सुतार, लोहार, म्हणजे जे काही कामाचे लोक होते ते उचलून बाबेलला नेले. यिर्मया मागे यरुशलेमलाच राहिला आणि तिथून त्याने या नेलेल्या लोकांना पत्र पाठवलं. कोणाच्या हाती, तर यखन्याच्या जागी आलेल्या सिद्कीया राजाची माणसं नबुखद्नेस्सराकडे निघाली होती त्यांच्या हाती, म्हणजे सरकारी टपालातूनच गेलं म्हणा ना. आणि त्या पत्राची सुरुवात काय आहे? घरं बांधा आणि त्यात राहा. बागा लावा, त्यांची फळं खा. लग्नं करा, मुलं होऊ द्यात, मुलांची लग्नं लावून द्या, तिथे वाढा, कमी होऊ नका. ज्या शहरात मी तुम्हाला नेलंय त्याचं भलं बघा, त्याच्यासाठी प्रार्थना करा, त्याचं बरं झालं तर तुमचं बरं होईल. मग दोन वचनं की तुमच्यातले जे संदेष्टे गोड गोड स्वप्नं सांगतायत त्यांच्या नादी लागू नका. मग दहावं, बाबेलची सत्तर वर्षं भरली की मी तुमच्याकडे लक्ष देईन. सत्तर! आणि मग कुठे अकरावं येतं.

सत्तर नक्की कुठून कुठपर्यंत मोजायची यावर अभ्यासक बरंच भांडतात, ख्रिस्तपूर्व ५३९ मध्ये बाबेल पडलं आणि पारसाच्या कोरेश (सायरस) राजाने परत जायची मोकळीक दिली एवढं खरं, पण तुमच्या-माझ्यासाठी हिशोब सोपा आहे. हे पत्र वाचून दाखवलं जात असताना समोर चाळिशीचा एखादा लोहार बसला असेल तर तो घरी परत जाणार नव्हता. त्याची बायको जाणार नव्हती. भल्याचे बेत होते ते त्यांच्या नातवंडांच्या हाताला लागणारे. आणि हेच आपण फ्रिजवर मॅग्नेटने लावतो, या वर्षी प्रमोशन होऊ दे म्हणून.

आता अठ्ठाविसाव्याकडे या, कारण त्याच्याशिवाय पत्राची धार कळत नाही. हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सगळ्यांसमोर उभा राहून सांगतो की परमेश्वराने बाबेलचं जू मोडलंय, दोन वर्षांच्या आत राजा परत, मंदिराची भांडी परत, सगळे परत. यिर्मया त्या वेळी मानेवर लाकडी जू घालून फिरत होता, लोकांना दिसावं म्हणून. त्याने हनन्याचं ऐकून आधी काय म्हटलं माहितीये? आमेन. परमेश्वर तसंच करो. म्हणजे त्यालाही तेच हवं होतं की! मग तो सांगतो की शांतीचं भाकीत करणारा खरा की खोटा ते भाकीत खरं ठरल्यावरच कळतं. तेव्हा हनन्या त्याच्या मानेवरचं जू काढून मोडून टाकतो, आणि यिर्मया काही न बोलता आपल्या वाटेने निघून जातो. वाद नाही, उत्तर नाही. नंतर परमेश्वराचं वचन येतं तेव्हा परत येऊन सांगतो की लाकडी मोडलंस, आता लोखंडी येईल. हनन्या त्याच वर्षी मेला.

मला वाटतं आज यूट्यूबवर हनन्याचे सबस्क्राइबर जास्त असते. "या महिन्यात तुमचा ब्रेकथ्रू", "सात दिवसांत उत्तर", खाली पाच हजार आमेन. मी त्या आमेन लिहिणाऱ्यांना हसत नाही, ज्याच्या घरात आग लागलीय तो पाणी कुठलं ते बघत नाही. पण सांगणाऱ्यांवर मात्र राग येतो, कारण दोन वर्षं होऊन गेल्यावर ते कुठे असतात? ते पुढच्या मीटिंगला गेलेले असतात आणि इथे माणूस स्वतःच्याच विश्वासात कुठे भोक पडलं ते शोधत बसतो.

पत्रावर बाबेलमधून तक्रारही आली होती, तीही त्याच अध्यायात आहे आणि मला ती फार माणसासारखी वाटते. शमाया नावाच्या माणसाने यरुशलेमच्या याजकाला लिहिलं की या यिर्मयाला आवरा, तो आम्हाला लिहितो की लांबणार आहे, घरं बांधा, बागा लावा. "लांबणार आहे" हेच झोंबलं. डॉक्टरांनी ह्यांना पहिल्यांदा सांगितलं की हे आता चालू राहणार, तेव्हा आमच्या घरात पण एक शमाया बसला होता, कोण ते लिहीत नाही.

इतिहासाची थोडी गंमत सांगते, कारण हे नुसतं शास्त्रात लिहिलंय म्हणून नाही, मातीच्या पाट्या सापडल्यात. बाबेलच्या खोदकामात रेशनच्या नोंदी निघाल्या, त्यात यहूदाच्या राजाला, म्हणजे याच यखन्याला, आणि त्याच्या पाच मुलांना तेल दिल्याची नोंद आहे. त्या नोंदींत ख्रिस्तपूर्व ५९२ चं साल आहे. आता बायबलमधलं २ राजे हे पुस्तक म्हणतं की तो अठरा वर्षांचा असताना गादीवर बसला आणि तीन महिन्यांतच पकडून नेला. पाच वर्षांत पाच मुलं! पत्रातलं "मुलं होऊ द्यात" राजाने तरी मनावर घेतलं होतं. आणखी पाट्या आहेत, यहूदी लोकांच्याच एका वसाहतीच्या, त्यात ही माणसं शेत कसतायत, सारा भरतायत, वाटण्या करतायत, नावं मात्र मुलांना परमेश्वराच्या नावावरून ठेवतायत. कोरेशने दार उघडल्यावरही यांच्यातले पुष्कळ परत गेलेच नाहीत.

हे वाचून माझ्या डोक्यात आमचंच घर फिरायला लागलं. माझे आजोबा नगरकडचे, मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून इंदूरला आले. कॅनडाचे प्रेस्बिटेरियन मिशनरी १८७७ मध्ये इथे आलेले, १८८७ मध्ये त्यांनी कॉलेज काढलं, ते इंदूर ख्रिश्चन कॉलेज अजून आहे. आजी मरेपर्यंत "आपल्याकडे" म्हणाली की नगर समजायचं, आयुष्य सगळं इथे काढलं तरी. इंदूरचे मराठी लोक म्हणजे मुळात होळकरांच्या मागे आलेले, गणपती, सानंद संस्थेची नाटकं, सगळं जोरात, त्यात आम्ही मराठी पण ख्रिस्ती, आणि चर्चमध्ये सगळे ख्रिस्ती पण उपासना हिंदीत, दारात जय मसीह की. दोन्हीकडे अर्धे. लहानपणी मला याचं वाईट वाटायचं, आता सकाळी पोह्यांवर सेव आणि जीरावन नसेल तर घास उतरत नाही, त्यामुळे कुठली आहे हा प्रश्न जिभेनेच निकालात काढला.

पण घर बांधून राहणं एक आणि त्या शहरासाठी प्रार्थना करणं दुसरं. आमच्याकडे शहरासाठीची प्रार्थना मध्यस्थीच्या प्रार्थनेत शेवटी येते, राष्ट्रपती, प्रधानमंत्री, मुख्यमंत्री, आणि हमारा शहर, तोपर्यंत मागच्या बाकांवर पर्स उघडायला लागलेल्या असतात अर्पणासाठी. मीही तशीच होते. पत्रातलं ते शहरासाठी प्रार्थना करा म्हणणारं सातवं वचन मला डायलिसिस सेंटरने समजावलं.

एका वेळच्या डायलिसिसला साधारण १२० लिटर पाणी लागतं, मिनिटाला अर्धा लिटर, चार तास. ते माणसाच्या रक्ताच्या शेजारून, एका बारीक पडद्याच्या पलीकडून वाहतं. आमच्या सेंटरच्या टाकीत येतं ते नर्मदेचं, सत्तर किलोमीटरवरच्या जलूदहून पंप करून घाट चढवून आणलेलं, आणि ते इंदूरला यावं म्हणून १९७० मध्ये लोक रस्त्यावर उतरले होते. सकाळी पहिल्या शिफ्टच्या आधी टेक्निशियन पोरगा टाकीच्या नळाखाली पट्टी बुडवतो, रंग बघतो, क्लोरीन राहिलं तर ते सरळ रक्तात उतरून तांबड्या पेशी फोडतं. तो रंग बघताना मी एकदा त्याच्या मागे उभी होते. त्याने मान हलवली, मग मशीनला लाइन जोडली. त्या दिवसापासून मी जलूदच्या पंपावर रात्रपाळीला कोण असेल त्याच्यासाठी प्रार्थना करते, वीज कंपनीच्या लाइनमनसाठी, त्या पट्टीवाल्या पोराच्या झोपेसाठी, कारण याचं बरं तर आमचं बरं, हे माझ्यासाठी आता अगदी नळाच्या पाण्याइतकं खरं आहे. शेजारच्या खुर्चीवरचे चाचा म्हणतात, बहनजी हमारा भी नाम ले लेना, पलीकडचे जैन काका हात वर करतात, म्हणजे माझंही.

रोज सकाळी उठल्यावर मी ह्यांच्या डाव्या हातावर, मनगटाच्या वर, दोन बोटं ठेवते. आत बारीक थरथर लागते, ती लागली म्हणजे फिस्टुला, डायलिसिससाठी हातात जोडून दिलेली शीर, चालू, आजचा दिवस सुरू. मग मोजून पाणी, भाज्या चिरून भिजवून ते पाणी फेकायचं, आणि ह्यांनी मागच्या अंगणात चिकूचं कलम लावलंय त्याला मात्र मोजून नाही, पोटभर. चिकूही ह्यांना फारसा चालणार नाही, तरी लावला. मी म्हटलं हे काय, तर म्हणाले यिर्मयाने शेत नव्हतं का घेतलं. बत्तिसावा अध्याय. शहराला वेढा पडलाय, स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे, आणि चुलतभावाचं अनाथोथचं शेत सतरा शेकेल चांदी तोलून विकत घेतो, साक्षीदार, सही, मोहोर, एक बंद प्रत एक उघडी प्रत, दोन्ही मडक्यात ठेवायला सांगतो, टिकावीत म्हणून. पक्की रजिस्ट्री. आणि सगळं झाल्यावर देवाला विचारतो की शहर तर खास्दी, म्हणजे बाबेलच्या, लोकांच्या हाती चाललंय आणि तू मला म्हणतोस शेत घे? आधी घेतलं, मग विचारलं. हा क्रम मला फार आवडतो.

इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात विश्वासवाल्यांची मोठी यादी आहे, हाबेल, नोहा, अब्राहाम, सारा, आणि मध्येच तेरावं वचन येतं की हे सगळे विश्वासात मेले, वचनं हाताला लागली नाहीत, दुरून बघून त्यांनी सलाम केला. त्या दारातल्या बाईंना मी हे वचन परत द्यायला हवं होतं असं कधी कधी वाटतं, पण कुणाच्या तोंडावर वचन मारणं हेही तेच झालं.

आता जे अवघड आहे ते.

बाबेल म्हणजे शत्रूचं शहर. १३७वं स्तोत्र याच लोकांचं, नदीकाठी बसून सियोनच्या, म्हणजे यरुशलेमच्या, आठवणीने रडलेल्यांचं, आणि त्याच्या शेवटच्या वचनात ते बाबेलची लेकरं खडकावर आपटणाऱ्याला धन्य म्हणतात. उपासनेत आम्ही ते शेवटचं सोडून देतो. पण शास्त्राने ठेवलंय, आणि त्याच लोकांना यिर्मया लिहितो की त्या शहरासाठी प्रार्थना करा. खरं सांगू, मला स्तोत्र सोपं जातं. छप्पन दुकानला, आमच्या खाऊगल्लीत, ह्यांच्याच वयाची माणसं घटाघट शिकंजी पिताना बघितली की पोटात काहीतरी पेटतं, हे बर्फाचा एक खडा चोखत गाडीत बसलेले असतात.

आणि ह्यांचं नाव किडनी ट्रान्सप्लांटच्या यादीत आहे. किडनी द्यायला माझी तपासणी झाली, शुगर निघाली, नाही म्हणाले. मुलाला हे देऊ देत नाहीत. म्हणजे उरली यादी, आणि यादीत नंबर लागणं म्हणजे काय ते इंदूरकरांना सांगायला नको, आपल्याकडे ग्रीन कॉरिडॉर बनतो, पोलीस चौकाचौकात ट्रॅफिक थांबवतात, ॲम्ब्युलन्स मिनिटांत निघते, पेपरात फोटो येतो, आणि त्या फोटोच्या मागे एक घर असतं ज्यातला कुणीतरी काल बायपासवर बाइकवरून पडलेला असतो. मंडळीतले लोक प्रेमाने म्हणतात, लवकर नंबर लागो म्हणून आम्ही प्रार्थना करतोय. मी थँक्यू म्हणते. पण सातवं वचन आणि ही विनंती एका तोंडाने कशी म्हणायची? शहराचं भलं होऊ दे, आणि शहरातलं कुणीतरी लवकर? मी हे पाळकसाहेबांना विचारलं. ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, बहनजी, मला माहीत नाही. त्यांच्याबद्दल माझा आदर त्या दिवशी वाढला.

ह्यांचं मात्र ठरलेलं आहे. रात्री जेवणाआधी आम्ही दोघं प्रार्थना करतो, ह्यांची पाळी आली की मराठीत सुरू करतात आणि मध्येच हिंदीत जातात, जसं आपण इंदूरचे सगळेच बोलतो. लेकरांसाठी, चाचांसाठी, जलूदच्या पंपासाठी, आणि मग रोज एक ओळ, की हे प्रभू, आज रिंग रोडवर, बायपासवर जितके टू-व्हीलरवाले आहेत त्या सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेट असू दे, सगळे घरी पोचू देत.

मी आमेन म्हणते. पहिल्या वेळी घसा अडला होता, आणि अजूनही रोज मोकळाच असतो असं नाही.